दुर्गा आपली आपणच पालक

दुर्गा राजूरकरला एकतिसाव्या वर्षी एमबीबीएसची सीट मिळाली, तेव्हा हिंदी मुलखातल्या आमच्या फ्रीगंज भागातल्या झाडून साऱ्या मराठी घरांत एकच प्रश्न: मग लग्न कधी करणार? कप्पाळ! पोरीनं आठ वर्षं नर्सची नोकरी केली, ड्यूट्या सांभाळून अभ्यास केला, त्याचं कौतुक राहिलं बाजूला.

वडील अरविंदराव बँकेतून मॅनेजर होऊन रिटायर झालेले. तीन वर्षांपूर्वी तिनं डॉक्टरीचं नाव काढलं, तेव्हाच ते कडाडले होते, ‘लग्नाला हवे तेवढे देतो, या थेरांना एक छदाम मिळणार नाही!’ दुर्गा त्यांचीच लेक. तिनं गावातच देवास गेटपाशी खोली घेतली आणि घरचं नाव टाकलं.

आता पुढच्या आठवड्यात फी भरली नाही, तर सीट हातची जाणार होती. साठवलेलं पुरत नव्हतं. बँकेत म्हणाले, ‘मॅडम, फादर को ले आइए.’ स्कॉलरशिपच्या खिडकीवरही तेच, ‘पिताजी की आय बताइए.’ ज्या घरचा तीन वर्षांत चहा प्यायली नाही, त्या घरच्या पेन्शनवरून हिची ऐपत ठरवत होते. आता बोला!

उरला होता तो मराठी मंडळींचा शिक्षण निधी. तिथली जुनी रीत अशी, की मुलाखत विद्यार्थ्याची नाहीच, पालकाची. टेबलासमोरची खुर्ची पालकाची. विद्यार्थ्यानं दाराजवळच्या बाकावर गप्प बसायचं आणि हुशार दिसायचं. दुर्गा एकटीच आली ती थेट खुर्चीवर जाऊन बसली.

‘अगं, ही पालकांची खुर्ची,’ अध्यक्ष भय्यासाहेब म्हणाले. ते अरविंदरावांचे शाळेपासूनचे दोस्त.

‘म्हणूनच बसले, काका. दुर्गाची पालक मीच.’

शेजारी सचिव सुलभाताई बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. ‘बरं, मग मुलगी अभ्यासात कशी आहे हो तुमची?’

‘चांगली आहे. जरा तोंडाळ आहे, पण घेतलं काम टाकत नाही.’

‘आणि तिचं सगळं कोण बघतं?’

‘मीच. भाडं, किराणा, आजारी पडली की औषधपाणी, सगळं मीच.’

भय्यासाहेब हसले नाहीत. ‘हे बघ बेटा, बाप हयात असताना पालक बापच. नियम आहे. आणि अरविंदाची पेन्शन आपल्या मर्यादेच्या वर जाते. त्याचं नाव लागलं, की मदत बंद.’

‘मग त्यांनाच विचारा ना, ते माझे पालक आहेत का!’ दुर्गा ठसक्यात म्हणाली खरी, पण लगेच मनात आलं, बाबांनी आज नेमका बापपणा दाखवला, तर मदत गेली आणि सीटही गेली.

भय्यासाहेबांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. ‘अरविंदा, दुर्गा आलीय निधीकडे. पालक म्हणून तुझं नाव घालू ना?’

‘माझं?’ अरविंदराव उसळले. ‘ती ऐकते माझं? घर सोडून गेली, दिवाळीला पाठवलेले पैसे पण परत केले! तिची तीच पालक आहे. घ्या लिहून!’

‘लिहिलं,’ सुलभाताई हळूच म्हणाल्या.

जिंकली की पोरगी! पण हवं तेच कानावर पडलं, आणि ते बापाच्या तोंडून ऐकताना तिला फार लागलं. ती मान खाली घालून बसून राहिली. फोन अजून चालूच होता.

‘भय्यासाहेब,’ अरविंदरावांनी विचारलं, ‘नंबर कुठं लागलाय तिचा?’

‘इंदूरला, बाबा,’ दुर्गाच बोलली.

मग अरविंदराव घसा खाकरून म्हणाले, ‘रोज बसनं जा-ये करू नकोस. हॉस्टेललाच राहा. झोप झाली नाही की तुझं डोकं दुखतं. आणि फीचं म्हणशील तर मी...’

भय्यासाहेबांनी झडप घालून फोन बंद केला.

‘अरे, पागल है क्या ये आदमी!’ ते ओरडले. ‘आणखी एक शब्द बोलला असता, तर पालक ठरला असता! सुलभाताई, सही करा आधी. आणि तू गं, इथं रडत काय बसलीस? घरी जा त्याच्याकडे.’