दोन तळव्यांमधली जागा

कॉलेजात बोलवा अशी होती की भौतिकशास्त्राच्या बाई प्रयोगशाळेत कपॅसिटरला चिकटल्या, निळी ठिणगी उडाली आणि वाचाच गेली. कँटीनमधली मुलं तर ती ठिणगी हातवारे करून दाखवायची, जणू शेजारीच उभी होती.

यातलं खरं एवढंच की आवाज गेला होता. ठिणगी नाही, काही नाही. गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मागे कुजबुज उरली. माईक लावला तर नुसती खरखर मोठी व्हायची.

हे सगळ्यांत नीट ठाऊक होतं ते बाईंच्या भाचीला. बाई बहिणीकडेच राहायच्या, आणि भाची त्यांच्याच वर्गात होती. तिला घरात रेडिओ म्हणत. कुरिअरवाला, खालच्या मजल्यावरच्या काकू, खुद्द प्राचार्य, तिच्या नकलांतून कोणी सुटलं नव्हतं. पण तिची हुकमी नक्कल म्हणजे मावशीची.

"अहो महाराज, खिडकी कुठे पळून जात नाही, इकडे फळ्याकडे बघा! ऊर्जा कुठे साठलीय? पट्ट्यांत? पट्ट्यांत काय ठेवलंय, कपाळ!"

हे सुरू झालं की स्वयंपाकघरात आईचे हात थांबायचे. एके काळी मावशीनं फाटकातून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडायची. पेपर तपासताना ती एकेका पोराला घरूनच झापायची, आणि आई हसून हसून भांडी विसळायची. तो आवाज आता रेडिओच्या गळ्यातच काय तो शिल्लक होता.

एक दिवस प्राचार्यांनी मावशीला बोलावलं. "बाई, मलाही वाईट वाटतं. पण मुलांना ऐकू तर गेलं पाहिजे ना? उद्याचा तास घ्या, मी मागे बसतो. जमलं तर वर्ग तुमचाच. नाहीतर लायब्ररी आहेच. शांत जागा आहे."

ते 'शांत जागा' मावशीला फार झोंबलं.

"मी आहे ना!" संध्याकाळी घरी रेडिओ म्हणाली. "तू हात हलव, पहिल्या बाकावरून तुझ्या आवाजात मी बोलते."

"मी काय कळसूत्री बाहुली आहे?" मावशी कुजबुजली.

"मग बघ! पोरं वर्ग डोक्यावर घेतील आणि तू माझ्याकडेच बघशील. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर माझा आवाज पुन्हा काढायचा नाही."

रेडिओनं हसत टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं फळ्यावर कपॅसिटरच्या दोन समांतर पट्ट्या काढल्या. शेजारी साठलेली एकूण ऊर्जा लिहिली: ½ε₀E²Ad. A म्हणजे पट्टीचं क्षेत्रफळ, d म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर, E म्हणजे मधलं विद्युत क्षेत्र, ε₀ हा नुसता स्थिरांक. खाली लिहिलं, 'ऊर्जा घनता?' आणि खडू पुढे केला.

एक चष्मेवाला ऐटीत उठला आणि त्यानं A नं भागलं. मागून कोणीतरी शीळ घातली. हशा पिकला. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. रेडिओच्या जिभेवर मावशी अगदी तयार होती, पण मावशीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिनं दोन्ही तळवे समोरासमोर धरले. मग उत्तरात उरलेल्या d वर बोट ठेवलं आणि तळवे हळूहळू लांब नेले, इतके की एक हात फळ्याला आपटला. वर्ग हसला, पण बघत होता. मग ती तळव्यांमधल्या हवेत ओंजळ भरून काढल्यासारखं करू लागली. एक ओंजळ इथून, एक तिथून, दोन्ही सारख्याच.

"ओंजळ सगळीकडे सारखीच, मग उत्तरात अंतर कसं उरेल?" चष्मेवाला स्वतःशीच पुटपुटला.

"अरे, मधली जागा!" मागच्या बाकावरून तोच शीळवाला ओरडला. "ऊर्जा तिथे आहे! घनफळानं भाग, Ad नं!"

"A गेला!" कोणी म्हणालं. "d पण गेला!" अख्खा वर्ग गरजला. फळ्यावर उरलं ½ε₀E². प्राचार्य उठले, त्यांनी मावशीला मान लववून नमस्कार केला आणि लायब्ररीचा विषय न काढता निघून गेले.

घरी आई दारातच उभी होती. "काय झालं गं? नीट सांग. तिच्या आवाजात सांग!"

रेडिओनं मावशीकडे पाहिलं. मावशी चपला काढत होती, तिनं नुसती भुवई उंचावली.

"वर्ग तिचाच राहिला," रेडिओ आपल्या स्वतःच्या, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि आई, मी पैज हरले."