माहेरी गेलेला डावा हात

आमच्या पियानोवाल्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच तऱ्हा: पियानो वाजवणारी आणि पियानोवर फुलदाणी ठेवणारी. पियानो दुरुस्त करणं, सुरात लावणं हा त्यांचा धंदा. राहायला कोपरला, पण दर सहा महिन्यांनी आमच्या ठाण्याच्या घरात शिरले की घर त्यांचं आणि आम्ही पाहुणे. पंखे बंद, कुकर बंद. "वहिनी, आधी सूर, मग वरण!" एकदा माझ्या सासऱ्यांना उचकी लागली, तर त्यांना हाताला धरून गॅलरीत बसवलं. ज्यांच्यासमोर आम्ही सुना शिंकायला कचरायचो, ते सासरे तासभर निमूट बसले. उचकी थांबली तरी आत यायला भीत होते.

पियानो घरात आला तो माझ्या दिव्य बुद्धीमुळे. जाऊबाईंनी काचेचं शोकेस घेतलं, म्हणून मी एका पाडायला काढलेल्या बंगल्यातला पियानो उचलला. चार हमालांनी शिव्या देत तिसऱ्या मजल्यावर चढवला. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकचे गुलाब. वाजवायचं कोणाला होतं! जाऊबाई जेवायला येणार होत्या; त्यांनी एखादी पट्टी दाबलीच तर इज्जत जायला नको, एवढ्यासाठी पियानोवाल्यांना बोलावलं.

पियानोवाले आले, फुलदाणी उचलून माझ्या हातात दिली. "वाजवतं कोण?"

"मी," मी बेधडक म्हटलं.

"मग वाजवा."

"आज बोट कापलंय."

"बघू." चष्मा लावून माझं धडधाकट बोट त्यांनी नीट पाहिलं. "भरेल सहा महिन्यांत. तेव्हा येतो. न वाजणाऱ्या पियानोला मी हात लावत नाही." गेले!

जाऊबाईंनी पट्टी दाबली आणि पियानो बोकडासारखा ओरडला. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीतल्या एका बाईंकडे चोरून शिकायला लागले. सहा महिन्यांत आईची अंगाई एका हाताने बसवली. पियानोवाल्यांनी ऐकली. "डावा हात माहेरी गेलाय वाटतं?" म्हणाले, पण हत्यारांची पेटी उघडली आणि एकेका तारेला "ये बाळा, जराशी वर ये" म्हणत सुरात आणलं. पुढच्या खेपेला मी डावा हात माहेरून आणला. असं तीसेक वर्षं चाललं. आता नातवंडं मला 'पियानोवाली आजी' म्हणतात, आणि मी खोटारडी मान डोलावते.

यंदा त्यांचा फोन आला. "वहिनी, गुडघे संपले. तीन जिने, लिफ्ट नाही. दुसरा माणूस बघा."

मी फोन पियानोवर ठेवला आणि अंगाई वाजवली. पलीकडून खेकसले, "वरचा सूर केवढा उतरलाय! मंगळवारी येतो." मग म्हणाले, "बोट कापलं नव्हतं, ठाऊक होतं मला."

"मग परत आलात कशाला?"

"फुलदाणी हातात घेताना लाजलात. लाजणारं माणूस शिकतं."

मंगळवारी मी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक स्टूल ठेवलं, दार उघडं टाकलं आणि ते खाली फाटकात दिसताच वाजवायला बसले. पूर्वी अंगाईची दुसरी ओळ येईतो ते दारात उभे असायचे. आता अंगाई संपली, तरी खाली कुठेतरी स्टूल सरकल्याचा आवाज येत होता. मी पुन्हा पहिल्यापासून धरली, जरा सावकाश.