बाप, लेकरू आणि पायधुण्याचं पाणी

माझा धाकटा भाऊ ओमेश्वर नागपूरच्या एका कंपनीचं काम आमच्या गावी, बोदलकशात, घरी बसून करतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत असतो. त्या वर्षी काहीही विचारलं की एकच उत्तर, "ताई, लेकरू अडकून राहिलं."

त्याचा एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला जन्म द्यायचा. पहिला बाप, दुसरा लेकरू. बापाने कीबोर्ड लेकराच्या ताब्यात द्यायचा, मग लेकराने त्यावर टाइप केलेलं वाचायचं. पण कधीकधी लेकरूच आधी धावायचं, कीबोर्ड अजून बापाकडेच, आणि लेकरू जागच्या जागी गोठायचं. ओमेश्वरने लेकराला थोडं थांबायला लावून पाहिलं. तेही कधी चालायचं, कधी नाही.

घरात तरी काय वेगळं होतं? आमच्याकडे अंगणात आलेल्या पाहुण्याला कर्त्या पुरुषाने पाय धुवायला पाणी द्यायचं, मगच तो आत येतो. त्या वर्षी बाबांनी जाहीर केलं, "आता ओमेश्वर देईल." ओमेश्वरला वाटायचं, बाबा असताना मी कसा देऊ? मला बघायला आलेलं पहिलं स्थळ अंगणात ताटकळून, कोरड्या पायांनी परत गेलं. हे दोघे दाराआड एकमेकांची वाट बघत होते! मला इतका संताप आला की पाहुण्यांचे सगळे वडे मी एकटीने खाल्ले.

दुसरं स्थळ यायच्या दिवशी पुन्हा तेच.

"तू दे," बाबा म्हणाले.

"तुमीच द्या. नाई तं मी थोडा थांबून देतो."

आई चुलीजवळून ओरडली, "दोघंबी द्या ना! दोनदा धुतल्यानं पाय झिजतेत का?"

ओमेश्वर ताडकन उठला आणि थेट कॉम्प्युटरकडे पळाला. "ताई, दोघांनीबी करायचं! बापानंबी कीबोर्ड लेकराच्या नावावर करायचा, लेकरानंबी. कोनीबी आधी करो, फरक नाई!"

पाहुणे फाटकात, आणि हा टाइप करतोय! लेकरू एकदाचं न अडकता चाललं, तसं मी ओमेश्वरला कान धरून बाहेर काढलं. तोवर बाबांचं पाणी देऊन झालं होतं. तरी ओमेश्वर भरला लोटा घेऊन धावलाच.

"आत्ताच धुतले ना, काऊन पुन्हा?" मुलाचा मामा कुरकुरला.

मुलगा, खुमेंद्र, नुसता हसला. त्याने पँट पुन्हा वर सरकवली आणि पाय पुढे केले.

मी खिडकीतून बघत होते. आमच्या या दोन येड्यांना हसत झेलणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार होता? आई चहाचा ट्रे माझ्या हाती द्यायला लागली.

"चहा मंग," मी म्हटलं. "आधी बाहेर जाऊन सांग, मले पसंत हाये."