यार्डाने शिकवलेला श्वास

गावातल्या तरुण पोरांच्या आरोग्यासाठी शेजारच्या कंटेनर यार्डाने अनुदान दिलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्यांच्या ट्रेलरांची धूळ आमच्या वाळत घातलेल्या मासळीवर बसते, त्यांना आमच्या पोरांचा एवढा पुळका कशाला?

तरी त्या पैशांतून समाजमंदिरात भरलेल्या ध्यानवर्गाला लेकीला घेऊन गेले. पोरं मांडी घालून बसली होती. बाहेर रस्त्यावरून ट्रेलर धडधडत होते. शिकवायला आलेले सर म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या. मनावरचा ताण निघून जाईल." पोरांनी श्वास ओढला आणि सगळी खोकत सुटली. फक्त सर खोकले नाहीत.

मला राहवेना. म्हटलं, "सर, तोंडावरचा तो मास्क काढून आधी तुम्हीच घेऊन दाखवा की!"