दम्याचा रकाना

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या मुलीला घरीदारी सगळे 'शिडी' म्हणत. उंची ताडमाड, आणि दिवसाचे आठ तास मुक्काम शिडीवरच. लहानपणापासून दमा होता, पण वडिलांच्या कारखान्याच्या विम्यात तिचंही नाव असल्याने काळजी नव्हती. पंचविसावं लागलं आणि कारखान्याने ते नाव काढलं.

मामा विमा एजंट. दुसऱ्याच दिवशी फॉर्म घेऊन हजर. "दम्याच्या रकान्यात 'नाही' लिही आणि सही ठोक. हप्ताही कमी बसेल."

"पण मला दमा आहे ना, मामा."

"अगं, कोण येतंय बघायला? ताई, समजाव हिला!"

आई भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. शिडीने मात्र फॉर्म ठेवून घेतला. पाट्या रंगवता रंगवता तिला एक कळून चुकलं होतं: माणूस मिरवायचं ते हातभर अक्षरांत काढून घेतो, लपवायचं ते कोपऱ्यात. तिने फॉर्मसोबतचं माहितीपत्रक कोपऱ्यापासूनच वाचायला घेतलं. 'आजार लपवल्याचं आढळल्यास विमा रद्द', शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. शिवाय हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याला मर्यादा.

तिने दोन्ही गोष्टी दाखवल्या तेव्हा मामा फुगला. "वीस वर्षं धंद्यात आहे, आणि कालची पोर मला शिकवते!" चहा तसाच टाकून निघून गेला.

मग ती स्वतःच फिरली. पहिल्या कंपनीने दमा म्हणताच हात जोडले. दुसरी सगळं द्यायला तयार, फक्त दमा सोडून. "म्हणजे छत्री घ्यायची, पण पावसात उघडायची नाही?" असं विचारून ती उठली. तिसरीकडे खिडकीवरच्या बाईंनी केसात खोचलेलं पेन काढून सगळं नीट लिहून घेतलं आणि फुंकर मारायची तपासणी करायला लावली. हप्ता थोडा जास्त, दम्यासाठी दोन वर्षं थांबायचं, खोलीला मर्यादा नाही. शिडीने रकान्यात ठसठशीत 'आहे' लिहिलं. घरात हसं झालं. "खरं बोलायचे पैसे भरणारी ही पहिलीच!"

तिसऱ्या वर्षी एका बंद दालनात भिंत रंगवताना तिचा श्वास अडकला. हॉस्पिटलात चार दिवस. कंपनीने बालपणापासूनचे कागद मागवले, तसा मामा कपाळाला हात लावून म्हणाला, "संपलं! आता खोट काढणार."

चौथ्या दिवशी दुपारी कंपनीच्या खिडकीवरच्या त्याच बाईंचा फोन आला. "दमा तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलाय. आम्हाला विचारायला काही उरलंच नाही. पूर्ण बिल मंजूर."

आईने तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. शिडी आपल्या पायांनी बाहेर आली, ती निवडणूक जिंकल्यासारखी. नर्ससुद्धा हसल्या.

फाटकापाशी मामा घुटमळला. "माझ्या पोरीचाही विमा काढायचाय. रविवारी येशील? फॉर्म तू वाच."

"येते. पण सहीची घाई नाही करायची हं, मामा."

मामाने दोन्ही कान पकडले.