चपला घालूनच आत या

प्रज्ञाताई हिवराळे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा सोबत एक सूचनाही केली: "गावडे, जरा गोड लिहा." मी पडलो साइटवर आयुष्य काढलेला मालवणी माणूस. गोड बोलून माझ्या हातून कधी एकही स्लॅब पुरा झालेला नाही. तरी विषय ताईंचा आहे, म्हणून जीभ आवरून लिहितो.

ताईंशी ओळख झाली ती अंधेरीच्या कचेरीत, माझ्या मुलाखतीत. ताई तिथे आर्किटेक्ट, इमारतींची आखणी त्यांची. आमची फर्म मूळची उत्तर युरोपातली, ग्रंथालयं, रुग्णालयं, न्यायालयं अशा सार्वजनिक इमारतींसाठी देशोदेशी नावाजलेली. त्यामुळे मला वाटलं होतं, काँक्रीटबद्दल विचारतील, कामाच्या वेळापत्रकाबद्दल विचारतील. ताईंनी विचारलं, "शेवटचे कुठल्या सरकारी इमारतीत गेला होतात? बसायला मिळालं का?" आदल्याच दिवशी एका दाखल्यासाठी मी सकाळपासून भिंतीला टेकून उभा होतो, त्यामुळे डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, "बसायला? अहो मॅडम, पंख्याखाली उभं राहायला मिळालं हेच नशीब समजा." ताई मनापासून हसल्या. म्हणाल्या, "सोमवारपासून या. आणि मॅडम नको, ताई म्हणा."

सार्वजनिक इमारत ही तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मालकीची असते, असं आमच्या फर्मचं तत्त्व आहे. मुख्य कचेरीतून आलेल्या प्रत्येक पुस्तिकेत ते पहिल्या पानावर असतं. असली वाक्यं सगळेच छापतात हो. ताईंचं वेगळेपण हे, की त्यांनी ते वाक्य खरं मानलं. त्यातूनच त्यांनी एक रिवाज सुरू केला. इमारत पुरी झाली, की उद्घाटनाच्या आधी आसपासच्या लोकांना बोलवायचं आणि त्यांना काहीही न सांगता नुसतं आत सोडायचं. लोक कुठे अडतात, कुठे चुकतात, कुठे बसतात, ते ताई एका कोपऱ्यात उभ्या राहून बघायच्या. या प्रकाराला आम्ही रंगीत तालीम म्हणायचो. मला सुरुवातीला ही निव्वळ नसती उठाठेव वाटायची, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

त्यांच्या मायेबद्दल एक सांगतो. माझ्या पत्नीचं ऑपरेशन कांदिवलीला झालं तेव्हा ताई अंधेरीहून रिक्षाने डबा घेऊन यायच्या. भाकरी आणि वऱ्हाडी ठेचा. आमच्या मालवणी जिभेलाही तो ठेचा झेपत नव्हता, पण बोलायची सोय नव्हती. डबा उघडून झाला की ताई पत्नीला विचारत, "वहिनी, उठताना हात कुठे टेकता? इथे दांडा असता तर बरं झालं असतं ना?" पत्नी मला म्हणाली, "ही बाय माका बघूक येता की भिंतीक?" खरं तर दोन्हीला. पुढच्या प्रत्येक रुग्णालयात आम्ही तिच्या खाटेच्या मापाने दांडे लावले.

आता मुलुंडची गोष्ट. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयासाठी आम्ही ओपीडीची नवी इमारत बांधली. मुंबईच्या उपनगरांतलं फर्मचं ते पहिलंच मोठं काम. ते वेळेवर उघडलं, की ताईंना भारतातल्या कचेरीचं प्रमुखपद मिळणार हे जवळपास ठरलं होतं. दारापासून औषधांच्या खिडकीपर्यंत पांढरीशुभ्र, आरशासारखी फरशी. मुख्य कचेरीनेच निवडलेली. फोटो तर असे झकास आले होते, की काय सांगू.

रंगीत तालमीच्या दिवशी रुग्णालयाने आपले डॉक्टरही तिथे बसवले होते. पहिलं आलं ते एक जोडपं, कडेवर तापलेलं मूल. दारात दोघं थबकली. चपला काढल्या. बाईंनी त्या पिशवीत घालून हातात धरल्या आणि अनवाणी आत येऊन भिंतीच्या कडेला खालीच बसल्या. खुर्च्या समोर रिकाम्या होत्या. मागून आलेल्यांनीही तेच केलं. रुग्णालयाचे अधिकारी खूश झाले. "बघा, लोक किती मान देतात," असं एकमेकांना सांगू लागले.

ताई त्या बाईंच्या शेजारी जाऊन खाली बसल्या. "चपला कशाला काढल्या हो?"

"घाण होईल ना. कोणी बोललं म्हणजे?"

ताई उठून माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "गावडे, पोर तापाने फणफणतंय आणि आई फरशीची काळजी करतेय. ही फरशी काढावी लागेल."

मी म्हटलं, "ताई, वाट लागेल आपली. उद्घाटन तोंडावर आलंय. तुमचं प्रमुखपद जाईल ते वेगळंच." त्या म्हणाल्या, "जाऊ दे."

उद्घाटनासाठी मुख्य कचेरीतले थोरले भागीदार आले होते. माणूस सज्जन, आपल्या देशाबद्दल आदर बाळगणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण तुमच्याकडे पवित्र जागी पादत्राणं काढतात ना? मग हा तर आपल्या इमारतीचा सन्मान झाला."

ताईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "लोक देवळात चपला काढतात ते भक्तीने. इथे काढतात ते कुणी हाकलू नये म्हणून. माझे वडील साकीनाक्याच्या कारखान्यात कामाला होते. रेशनकार्डासाठी, आमच्या दाखल्यांसाठी गेले, की प्रत्येक कचेरीच्या दारात त्यांनी चपला काढल्या. त्यांना कुणी काढायला सांगितलं नव्हतं. आणि आत त्यांना कुणी बसा म्हटल्याचंही मला आठवत नाही. मी या फर्ममध्ये आले ती पुस्तिकेतलं तुमचं पहिलं वाक्य वाचून."

साहेबांनी आधी किती उशीर होईल ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "काढा फरशी. पण उशिराची जबाबदारी तुमची." ताईंनी ती घेतली. उद्घाटन लांबलं, वरून खरमरीत मेल आले, आणि प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. त्यावर मी कचेरीत जे बोललो ते या ग्रंथात छापण्यासारखं नाही. ताई मात्र शांतपणे कोटा फरशीचे नमुने बघत बसल्या होत्या. पॉलिश न केलेली, मातीने भरलेले पाय सहज खपवून घेणारी फरशी त्यांना हवी होती.

फरशी बदलल्यावर पुन्हा तालीम घेतली. या वेळी ताईंनी आपल्या वडिलांनाही बोलावलं, पण इमारत कुणी आखली ते सांगितलं नाही. नुसतं "बाबा, गुडघे दाखवून घेऊ," म्हणाल्या. ऐंशी ओलांडलेले बाबा काठी टेकत आले. मी श्वास रोखून त्यांच्या पायांकडे बघत होतो. ते दारात थांबले नाहीत. चपलांसकट सरळ आत आले आणि पहिल्या खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी नाव पुकारल्यावर उठायला गेले, तर उठवेना. तेव्हा काठी आपटत त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सुनावलं, "कोण शहाण्यानं या खुर्च्या केल्या? इतक्या बुटक्या? म्हाताऱ्या माणसानं उठायचं कसं? बोलवा त्याला इकडं."

माझ्यासकट सगळे ताईंकडे बघू लागले. ताईंच्या डोळ्यांना धार लागली होती. मला वाटलं, बोलणं लागलं. म्हटलं, "ताई, मनावर घेऊ नका, वय झालंय त्यांचं." त्या रडता रडता हसत होत्या. म्हणाल्या, "गावडे, तसं नाही हो. सरकारी जागेत बाबांचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

खुर्च्या आम्ही त्याच आठवड्यात उंच करून घेतल्या.

ताई, साठी झाली म्हणून हात आखडू नका. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अजून पुष्कळ इमारती तुमच्या हातून उभ्या राहोत, आणि त्या प्रत्येकीत कुणीतरी चपलांसकट आत येऊन आपल्याला असंच खडसावो.