लेबल नसलेलं लोशन

मैत्रिणींनो, आज परीला बोईसरला डॉक्टरांकडे नेलं. दीड वर्षाची आहे. मानेवर, गालांवर लाल चट्टे उठलेत.

"काय लावता? बाटली दाखवा."

दाखवली.

"अहो ताई, हिला तर लेबलच नाही! हे मोठ्यांचं की बाळांचं?"

मलाच ते माहीत नाही. परीचे बाबा लोशनच्या कंपनीत होते, बाटल्या भरायच्या लाइनवर उरलेलं घरी आणायचे. ड्यूटीवरून आले की तेच तिला लावायचे. गेल्या महिन्यात ते गेले. मग मी लावत राहिले.

डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, पण त्यात काय होतं ते कळायला हवं. तुमच्या घरचं कोणी एमआयडीसीत लोशन भरायला असेल तर विचाराल का?

मघाशी फेकायला बाटली उचलली, तर परी हात पुढे करून म्हणाली, "बाबा."